शुक्रवारचा सूर्यास्त आणि तीन नंबरची भट्टी

त्रिभुवनचं आरोपपत्र माझ्या टेबलावर आलं, तेव्हा त्यावर वर्क्स मॅनेजर वैद्य साहेबांची सही झालेली होती. आरोप एकच, पण जबर. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आत माल असलेली तीन नंबरची भट्टी देखरेखीविना सोडून, रजा मंजूर नसताना कारखान्याबाहेर गेला. आमच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कारखान्याच्या लिखित नियमांत, चालू भट्टी सोडून जाण्याला एकच शिक्षा होती. नोकरी जाणार.

“चौकशी तू कर,” वैद्य म्हणाले. “आठ दिवसांत उरक. ओपन अँड शट केस आहे.”

“ऐकून तर घेऊ, सर.”

“त्यानं स्वतः लिहून दिलंय, गेलो म्हणून. आणखी काय ऐकायचंय?”

मी नाशिकजवळ सातपूरच्या एका मध्यम कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. आता या खात्याला एचआर म्हणतात. हजेरी, रजा, सुट्ट्या, मेमो, चौकशा, सगळं माझ्याकडे. माझ्या रजिस्टरात खाडाखोड सापडणार नाही, असं मी दर ऑडिटला छाती फुगवून सांगत असे. ऑडिटर मान डोलवायचे. या गोष्टीत ती फुगलेली छाती कशी खाली बसली ते सांगायचं आहे.

आधी भट्टीचं थोडं. आमच्याकडे गिअर बनत. दाते पाडून झाले की गिअर भट्टीत तापवून मग तेलात बुडवतात, म्हणजे त्यांना कणखरपणा येतो. याला हीट ट्रीटमेंट म्हणतात. माल तासन्‌तास एकाच तापमानाला ठेवावा लागतो. ऑपरेटर दर पंधरा मिनिटांनी मीटर वाचून आकडा लॉगशीटवर लिहितो आणि पुढे सही करतो. तापमान हाताबाहेर गेलं तर माल भंगारात जातो आणि भट्टीजवळच्या माणसाच्या जिवालाही धोका असतो. म्हणून तो नियम कडक होता आणि तो असायलाच हवा, हे मी आजही म्हणेन.

शमुवेल त्रिभुवन हा तिथला सगळ्यात जुना ऑपरेटर. येवल्याकडचा, उंच, कमी बोलणारा. कँटीनचा चहासुद्धा घेत नसे, त्यांच्या मंडळीत चहा वर्ज्य. ही मंडळी ख्रिस्ती, पण शनिवार पाळणारी. शास्त्रात सातवा दिवस विसाव्याचा सांगितलाय, सातवा दिवस शनिवार, त्या दिवशी काम नाही. त्याला ते शब्बाथ म्हणतात.

शेजारची चार नंबरची भट्टी दाविद साळवेची. तोही ख्रिस्ती, शरणपूरचा, रविवारी चर्चला जाणारा. आणि हे दोघे मेहुणे. साळवेची बहीण मार्था त्रिभुवनला दिलेली. लग्नानंतर काही वर्षांनी त्रिभुवन शनिवारच्या मंडळीत गेला, मार्थाही गेली. साळवेचे वडील चर्चमधले जुने जाणते गृहस्थ. त्यांच्या मनाला ते फार लागलं. घरात शब्दाला शब्द वाढत गेला आणि येणं-जाणं तुटलं. दोघे मेहुणे आठ फुटांवरच्या दोन भट्ट्यांपुढे वर्षानुवर्षं उभे असत आणि एकमेकांशी बोलत नसत. सगळ्या शॉपला हे माहीत होतं. कोणी त्यात पडत नसे.

तरी कित्येक वर्षं शनिवारचा प्रश्न आलाच नव्हता. त्याचं श्रेय वीज मंडळाला. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून प्रत्येक औद्योगिक वसाहतीला सुट्टीचा वेगळा वार दिलेला असे. याला स्टॅगरिंग म्हणत. आमची सुट्टी शनिवारी. रविवारी सगळं नाशिक घरी बसून मटणावर ताव मारायचं आणि आम्ही डबे घेऊन सातपूरला. त्रिभुवनला मात्र शब्बाथ आयता मिळाला. त्यातून शुक्रवारी दुपारीच भट्ट्या थंड करायला घेत, त्यामुळे भट्टीवाल्यांना त्या दिवशी सेकंड शिफ्ट नसे. सगळ्यांना सकाळीच बोलवत. शनिवारी रात्री अकराला भट्ट्या पुन्हा पेटवायच्या. हे काम कुणालाच नको असे, कारण सुट्टीची रात्र जाते. त्रिभुवन दर आठवड्याला स्वतःहून यायचा. आम्हाला वाटायचं, किती गुणी माणूस.

मग कंपनीनं स्वतःचा मोठा जनरेटर घेतला. आमचं मोठं गिऱ्हाईक रविवारी बंद असायचं, म्हणून आमचीही सुट्टी शनिवारवरून रविवारवर आणली. नोटीस मीच लावली. लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. बायकामुलांबरोबर सुट्टी मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी त्रिभुवन अर्ज घेऊन आला.

“साहेब, शनिवारी मला जमणार नाय.”

“एखादा शनिवार की दर शनिवार?”

“दर. रविवारी येतो की मी. भट्ट्यांची दुरुस्ती असती, विटा बदलायच्या असत्यात. माणूस लागतोच.”

कायद्यात सोय होती. रविवारी कामावर बोलावलं तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी देता येते. मी वैद्य साहेबांना नोट लिहिली, “धार्मिक कारणास्तव शनिवारी साप्ताहिक सुट्टी, रविवारी मेंटेनन्स ड्युटी,” आणि मंजूर करून घेतली. एका ओळीत प्रश्न मिटवला म्हणून मी स्वतःवर खूश होतो. त्रिभुवनचा अर्ज पूर्ण पानाचा होता. तो मी फाइलला लावला.

आता शुक्रवारीही सेकंड शिफ्ट सुरू झाली, दुपारी तीन ते रात्री अकरा. दर तिसऱ्या आठवड्याला ती त्रिभुवनवर येई. शुक्रवारी अकराला लागणारी रात्रपाळी हजेरीत शनिवारची धरत, म्हणून तिच्यातून तो सुटे. पहिल्या दोन वेळा त्यानं त्या संध्याकाळची अर्धी रजा घेतली. तिसऱ्या वेळी, डिसेंबरात, हा प्रकार घडला. अर्जावर सुपरवायझर शेवाळेची सही हवी होती. शेवाळे मीटिंगमध्ये अडकला. सहापर्यंत वाट पाहून त्रिभुवननं अर्ज त्याच्या टेबलावर ठेवला आणि तो गेला. सहा दहाला शेवाळे शॉपमध्ये आला, तर तीन नंबरपुढे कोणी नाही.

आरोपपत्र आलं त्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. आमचं घर पंचवटीत. वडील उपाध्ये. गोदावरीवर, आमच्या तोंडी गंगेवर, येणाऱ्या यात्रेकरूंची कार्यं करायची, पंचांग सांगायचं, हा त्यांचा जन्माचा उद्योग. मी म्हटलं, “शनिवारची सुट्टी दिली तर हा माणूस शुक्रवारीच पळाला. बोट दिलं तर हात धरतात.”

“त्यांचा दिवस केव्हा लागतो?” वडिलांनी विचारलं.

“म्हणजे?”

“अरे, दिवस लागतो केव्हा? आपली तिथी काय रात्री बारा वाजता बदलते? तुझ्या घड्याळात बारा वाजले की एकादशी लागते का?”

वडील भाताचा घास थांबवून म्हणाले, “एखाद्या महिन्यात स्मार्त एकादशी आज आणि भागवत उद्या. तुझी आई एक धरायची, काकू दुसरी. एकाच चुलीवर दोन दिवस साबुदाणा. कोणी कोणाला घराबाहेर काढलं नाही. तू आधी त्याचा दिवस कधी लागतो ते विचार.”

विचारायची गरज नव्हती. सकाळी जाऊन मी फाइलमधला अर्ज काढला. तिसऱ्याच ओळीत स्वच्छ लिहिलेलं होतं की शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत असतो, तेवढ्या वेळात काम करणार नाही. वरच्या कोपऱ्यात माझी सही, “वाचले.” मी वाचलं नव्हतं. शब्बाथ म्हणजे शनिवार एवढं मला माहीत होतं, तेवढ्यावरच नोट लिहून मोकळा झालो होतो. माझ्या एका ओळीपायी त्या माणसाची नोकरी चालली होती.

मी अर्ज घेऊन वैद्य साहेबांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला.

“तुझी चूक झाली, मान्य. त्याला रजा मिळायला हवी होती, हेही मान्य. पण भट्टी? उद्या दुसरा कोणी भट्टी सोडून देवळात गेला आणि माणूस भाजला, तर तू जाणार आहेस का त्याच्या बायकोकडे?”

भट्टी खरोखर देखरेखीविना होती की नव्हती, सगळं तिथे येऊन अडलं.

घरगुती चौकशी, म्हणजे डोमेस्टिक एन्क्वायरी, ही छोट्या कोर्टासारखी असते. आरोपी, त्याच्याबरोबर युनियनचा एक माणूस, व्यवस्थापनाचे साक्षीदार, आणि सगळं लिहून घेणारा चौकशी अधिकारी, म्हणजे मी. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या.

शेवाळेची साक्ष पाच मिनिटांत झाली. आला तेव्हा तीन नंबरजवळ कोणी नव्हतं. खोटं तो बोलत नव्हता.

मी त्रिभुवनला विचारलं, “जाताना भट्टी कोणाकडे दिली?”

तो खाली बघत राहिला.

“त्रिभुवन, नीट ऐका. कोणाकडे दिली असेल तर सांगा. नसेल दिली तर तुमची नोकरी जाते.”

“मी गेलो साहेब. बाकी कुणाचं नाव मी घेणार नाय.”

युनियनच्या माणसानं कपाळाला हात लावला. मला राग आला. माणसाला वाचवायला निघावं आणि त्यानं तोंडाला कुलूप लावावं. पण का, तेही मला कळत होतं. एका ऑपरेटरनं एकच भट्टी सांभाळायची, हाही लेखी नियम होता. ज्यानं दोन सांभाळल्या असतील, तोही अडकणार.

शेवटचा साक्षीदार साळवे. त्याचं नाव वैद्य साहेबांनी घातलं होतं. हिशोब सोपा होता. भट्टी शेजारची, आणि दोघांत विस्तव जात नाही. “मला काही सांगून गेला नाही” एवढं साळवे म्हणाला की काम संपलं.

साळवे आत आला. हात पुसून, शर्टाची वरची गुंडी लावून आला होता. मेहुण्याकडे त्यानं पाहिलं नाही.

“त्या दिवशी सहा ते सव्वासहा तुम्ही कुठं होता?”

“भट्टीवर.”

“कुठल्या?”

“दोन्ही.”

मी म्हटलं, “साळवे, मी हे लिहून घेतोय.”

“घ्या ना. तीन नंबरचा माल माझ्याकडं होता. शेवाळे साहेब आले तेव्हा मी मागं बर्नर बघत होतो, म्हणून दिसलो नाही. नंतर दिसलो, तर त्यांना वाटलं भट्टी मोकळी बघून आत्ताच आलो. लॉगशीट काढा. सहापासून सह्या माझ्या हायेत.”

लॉगशीट माझ्याच कपाटात होतं. आम्ही कोणी ते उघडलं नव्हतं. सहा, सव्वासहा, साडेसहा, थेट अकरापर्यंत तीन नंबरच्या प्रत्येक आकड्यापुढे डी. एस. आणि तळाला, शिफ्ट संपताना न बघता केलेली, शेवाळेची सही. शेवाळेचा चेहरा पडला. माझाही पडला असणार.

“त्रिभुवननं तुम्हाला सांगितलं होतं?”

“नाही. आम्ही बोलत नाही.”

“मग?”

“आत शॉपमध्ये सूर्य दिसत नाही साहेब. पत्रे काळे झालेत. तो सारखा घड्याळ बघायचा, शेवाळे साहेबांची वाट बघायचा. माल आत, सोडवत नव्हतं. मी बाहेर जाऊन सूर्य बघून आलो. त्याला म्हटलं, गेला. आणि त्याच्या हातातलं लॉगशीट घेतलं. तेवढंच बोललो. किती वर्षांनी बोललो, तेही आठवत नाही.”

त्रिभुवन हुंदका आवरत होता. मोठा उंच माणूस, त्याला तोंड कुठे लपवावं कळेना.

“तुम्हाला त्याचं शनिवारचं पटतं?” हा प्रश्न चौकशीत बसत नव्हता. पण मी विचारला.

“मुळीच नाही. प्रभू रविवारी उठला, आम्ही रविवार मानतो. तो म्हणतो, आज्ञेत सातवा दिवस लिहिलाय, तो बदलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? बापानं त्याच्याशी वाद घातला, मी घातला. आमच्या हिशोबानं तो चुकतोय, त्याच्या हिशोबानं आम्ही.” मग त्यानं पहिल्यांदा मेहुण्याकडे पाहिलं. “पण आपल्याला शनिवारची सुट्टी होती ना साहेब, तेव्हा रविवारी सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट आली की माझी उपासना बुडायची. माझ्या पोरीचं चर्चमध्ये दृढीकरण होतं एका रविवारी, मोठा विधी असतो तो. तीन तास उशिरा आलो. बघतो तर हा रात्रभर भट्टी पेटवून, सकाळी कार्ड पंच करून, परत माझ्या भट्टीपुढं उभा. लॉगशीट माझ्या हातात दिलं आणि गेला. पुढच्या वेळीही तसंच. सहा वर्षं. ठरवलं असं काही नाही. रविवार बरोबर का शनिवार, हे त्यानं तेव्हा मला विचारलं नाही. मग मी कशाला विचारू?”

मी पेन खाली ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मला ती सहा वर्षं आठवत होती, पण वेगळ्या कारणानं. साळवेच्या सर्व्हिस फाइलमध्ये माझ्या सहीचे तीन मेमो होते, सवयीच्या उशिराबद्दल. दर तिसऱ्या आठवड्याला तीन तास उशीर. अर्धा दिवस कापायचा आणि दर दोन वर्षांनी मेमो काढायचा. उशीर किती वेळा झाला ते मी मोजत होतो. कुठल्या वारी झाला, ते एकदाही पाहिलं नव्हतं. सगळे रविवार होते. माझ्या बिनखाडाखोडीच्या रजिस्टरात ते ओळीनं लिहिलेले होते, माझ्याच अक्षरात.

युनियनच्या माणसानं घसा खाकरला. “साहेब, हे रविवारचं पण लिहिणार का?”

कार्ड पंच करून बाहेर गेल्याचं दाखवून आत काम करणं हा गुन्हा. आपली भट्टी दुसऱ्याकडे ठेवणं हाही. सगळं लिहिलं असतं तर एकाच्या जागी दोघांची नोकरी गेली असती.

“आरोपपत्र एका शुक्रवारचं आहे,” मी म्हटलं. “रविवार त्याच्या कक्षेत येत नाही.”

नियमानंही ते बरोबर होतं. चौकशी आरोपापुरतीच करायची असते. नियम माझ्या मदतीला धावून आल्याचा असा प्रसंग नोकरीत फार क्वचित आला.

अहवाल मी दोन पानांचा लिहिला. भट्टी देखरेखीविना सोडल्याचा आरोप लॉगशीटवरून सिद्ध होत नाही. रजा मंजूर होण्याआधी गेल्याचं सिद्ध होतं, परंतु रजेची गरज ज्या अर्जात आधीच कळवली होती तो पर्सोनेल खात्यानं नीट वाचला नव्हता. हे शेवटचं वाक्य लिहायला मला एक दुपार लागली.

वैद्य साहेबांनी अहवाल वाचला. “स्वतःलाच लावून घेतलंस?”

“अर्जावर सही माझी आहे, सर.”

“आणि साळवे? दोन भट्ट्या एका माणसानं?”

“माल बिघडला नाही, सर. आणि तो बोलला नसता तर आपण एक निर्दोष ऑपरेटर घरी पाठवला असता.”

त्यांनी दोघांना एकेक ताकीदपत्र द्यायला सांगितलं आणि अहवालावर सही केली. “शुक्रवारचं काहीतरी कायमचं कर,” एवढंच म्हणाले. माणूस कडक होता, पण सही करताना त्यानं कधी कुरकुर केली नाही.

कायमचं असं केलं की त्रिभुवनला शुक्रवारी नेहमीच फर्स्ट शिफ्ट. तो तीनला सुटायचा, उन्हं असतानाच घरी पोचायचा. त्याच्या वाटच्या शुक्रवारच्या सेकंड शिफ्ट कोण करणार, असं मी शॉपमध्ये विचारलं. साळवेनं हात वर केला, म्हणून दोघांच्या पाळ्या मी वेगळ्या आठवड्यांत लावल्या.

त्यानंतर मी साळवेला केबिनमध्ये बोलावलं. फाइल उघडून तिन्ही मेमो दाखवले आणि म्हटलं, “हे मी चुकीचे काढले.”

त्यानं ते एकेक करून पाहिले. “चुकीचे कसे साहेब? उशीर झालाच होता की.”

“तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर त्याचं नाव आलं असतं.”

मेमो काढून टाकता आले नाहीत. सर्व्हिस फाइलच्या पानांना नंबर असतात. साप्ताहिक सुट्टीच्या बदलाचा अर्ज मात्र मी नव्यानं छापून घेतला. त्यात एक रकाना वाढवला, “दिवस केव्हापासून केव्हापर्यंत.” मी निवृत्त होईपर्यंत तो रकाना त्रिभुवनशिवाय कोणीही भरला नाही. तरी मी प्रत्येक अर्ज शेवटपर्यंत वाचत असे.

निवृत्तीच्या आधीच्या डिसेंबरात एका शुक्रवारी सहाच्या सुमाराला मी शॉपकडून गेटकडे निघालो होतो. साळवे दाराशी उभा होता, पश्चिमेकडे तोंड करून. त्रिभुवन तर तीनलाच घरी गेलेला.

“काय बघताय, साळवे?”

“काही नाही साहेब,” तो ओशाळून म्हणाला. “सवय लागली. गेला का ते बघतो आणि आत जातो.”

मीही तिथे थोडा वेळ उभा राहिलो. सूर्य गेला, तसा तो आत जाऊन लॉगशीट भरायला लागला.